रविवारची शिफ्ट आणि लोखंडेंची सुट्टी

गेल्या रविवारी माझी शिफ्ट होती. लोकलमध्ये होतो, तेवढ्यात मोबाईलवर ऑफिसचा फॉर्म आला : 'कामात तुमचं मन रमतं का? १ ते ५ गुण द्या.' मी ३ दिले. आणि एकदम नारायण मेघाजी लोखंडे आठवले.

लोखंडे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. काम काय, तर मालाचा हिशेब ठेवायचा. पण गिरणीत त्यांना माणसं दिसली : उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबणारी, आठवड्याची हक्काची सुट्टी नसलेली. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं. १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या बघा किती साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता दुसरी गोष्ट. २००१ मध्ये अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघींनी एक निबंध लिहिला. त्यात एका हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. काम सगळ्यांचं तेच. काहीजण म्हणायचे, आम्ही फक्त साफसफाई करतो. काहीजण मात्र पेशंटशी, नातेवाइकांशी बोलायचे, नर्सना हातभार लावायचे. आपण माणसं बरी व्हायला मदत करतोय, असं त्यांना वाटायचं. नोकरी तीच, पण त्यांनी तिला आपला आकार दिला होता. मन रमायचं ते त्यामुळे.

भारी आहे ना? पण मला इथे लोखंडेच आठवतात. पेशंटशी दोन शब्द बोलायला थोडी मोकळीक लागते. साच्यासमोर दिवसभर उभा असलेला गिरणी कामगार ती कुठून आणणार? कामाला अर्थ द्यायचा, तर आधी श्वास घ्यायला वेळ हवा. तो मिळवणं एकट्यादुकट्याचं काम नव्हतं, म्हणून तर संघटना.

म्हणून फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं : 'मन रमेल. आधी शिफ्ट कशी लावायची, ते आम्हालाही विचारा.' उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!