शस्त्रक्रियेनंतरची भूक

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मराठी वाचकांच्या परिचयाची झाली ती मुख्यतः दोन बातम्यांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली आणि २०१७ मध्ये ईजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. चर्चा झाली ती उतरलेल्या किलोंची. मात्र उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरचा रुग्ण मुंबई-ठाण्यात शस्त्रक्रिया करून घरी परततो, तेव्हा काही महिन्यांनी त्याला वेगळेच प्रश्न छळू लागतात. पोट लहान केले, मग भूक का लागते? आणि काटा एकाच आकड्यावर का अडला?

सध्या प्रचलित असलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा शोध लावला. त्यामुळे सुरुवातीचे महिने अन्नाची इच्छाच मरते आणि रुग्णाला वाटते, सुटलो! परंतु भूक एकट्या घ्रेलिनच्या हाती नाही. आतड्यातील इतर संप्रेरके, चरबीच्या पेशी, मेंदू आणि झोप यांचाही तीत वाटा असतो. त्यामुळे वर्षभराच्या आत-बाहेर ती पुन्हा जाणवू लागणे, हा शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा नव्हे.

प्रत्येक भूक खरीही नसते. स्लीव्हनंतर अनेकांना आम्लपित्ताचा त्रास होतो आणि जठरातील ती जळजळ, कुरतडणे हुबेहूब भुकेसारखे भासते. रुग्ण बिस्किटे खातो, क्षणभर बरे वाटते, तासाभराने पुन्हा तेच. अशा वेळी आहारावर ताबा नसल्याचा दोष स्वतःला देण्याऐवजी डॉक्टरांना आम्लाविषयी विचारणे अधिक उपयोगाचे.

काटा अडण्याचे कारण साधे आहे. पहिल्या आठवड्यांत शरीरातील साठवलेली साखर व तिच्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि वजन झपाट्याने उतरते. तो साठा संपला की बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला मुक्काम येतो. पुढचा मोठा मुक्काम साधारण वर्ष-दीड वर्षाने. १२० किलोच्या माणसाला स्थानकाचा पूल चढताना जितकी ऊर्जा लागे, तितकी ९० किलोला लागत नाही. शिवाय घटलेल्या वजनाच्या प्रमाणात अपेक्षित असते त्याहूनही काहीशी कमी ऊर्जा शरीर जाळू लागते, जणू दुष्काळ पडला आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के घटले होते; दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हा नियमच म्हणावा लागेल.

आता जेवणाकडे वळू. लहान झालेले जठर घट्ट, प्रथिनयुक्त अन्नाला अडवते. पातळ आणि भुसभुशीत पदार्थांना नाही. उल्हासनगरचा कुल्फी-फालुदा त्यातून सहज घसरतो आणि पकवानाचे तुकडे, फरसाण, शेव थोडे थोडे करून दिवसभर जिरतात. पोट कधी भरतच नाही, उष्मांक मात्र साठतात. म्हणून आधी अंडे, मासे, पनीर वा उसळ आणि नंतर उरल्या जागेत पोळी-भात, हा क्रम. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. जेवणास वीस मिनिटे द्यावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून रात्री दहाला परतणाऱ्याने ती कोठून आणावीत, हे मात्र कोणी सांगत नाही. अपुरी झोप भूक वाढवते, हेही अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्याच्या बाबतीत विसरले जाते.

सर्वांत मोठे नुकसान संकोच करतो. लाखांच्या घरात खर्च झालेला, नातेवाईक विचारणारे. मग वजन वाढलेला रुग्ण तपासणीलाच जाणे टाळतो. दीड तासाचा प्रवास हे सोयीचे निमित्त ठरते. याच काळात बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व कमी पडते. सतत उलट्या होत असतील आणि पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ते बी-१ च्या तीव्र कमतरतेचे लक्षण असू शकते.

भूक खरीच वाढली असेल, तर दुर्बिणीने किंवा बेरियम देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्राने जठर फुगले आहे का, हे पाहता येते. काहींना स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करावे लागते. काहींना भूक शमवणारी इंजेक्शने दिली जातात. त्यांपैकी टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. ती औषधे शेजारच्या दुकानातून स्वतःहून आणण्याची नव्हेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर आधी विम्याची कागदपत्रे वाचावीत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत स्थूलतेवरील शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा त्याहून अधिक, अशी अट आहे. आणि पहिल्या शस्त्रक्रियेने निम्मे यश मिळालेले अनेक रुग्ण नेमके या आकड्यांच्या खाली असतात.