उधारीची वही आणि रोखीचं दुकान

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही गोल पेठ. मधली दुमजली इमारत १९१७ ची, आणि तिथेच अंबाबाईचं देऊळ. सोनं, चपला, मिरची, गूळ अशा मालाची दुकानं या वर्तुळाभोवती बसली. खेड्यातून आलेल्या माणसाने एक फेरी मारली की लग्नाचा बस्तासुद्धा पुरा व्हावा.

याच सुमारास, १९१६ मध्ये, अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, फळीवरचा माल स्वतः उचलायचा आणि दाराशी पैसे मोजून बाहेर पडायचं. सुपरमार्केटचा इतिहास सांगणारे या स्वतः माल उचलण्याचं फार कौतुक करतात. मला त्यातली दुसरी अट मोठी वाटते. तिथे उधारी नव्हती. आपल्याकडे सुपरमार्केट उशिरा का आलं, या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं रस्ते, रेल्वे आणि भांडवलात शोधत होतो. ते बरंचसं या अटीत आहे, असं आता माझं मत झालं आहे.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर मोगलाईत. त्या दोन पेठा जोडणारी बार्शी लाइटची अरुंद गाडी लातूरला पोचली १९११ साली. मध्ये करोडगिरीचा नाका, आणि नाण्यांचाही फरक: सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. अशा मुलखात व्यापार पैशावर कमी आणि ओळखीवर जास्त चाले. लातुरात लिंगायत वाणी आणि मारवाडी, नांदेडात त्यांच्या जोडीला तेलुगू बोलणारे कोमटी. आडत्या शेतकऱ्याला उचल देई, किराणावाला मीठमिरची वहीवर देई. सुगीत माल मोंढ्यात पडला, पट्टी हाती आली, की आधी आडत्याची उचल फिटे आणि मग किराण्याची बाकी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ज्या वह्यांना हळदकुंकू वाहिलं जातं, त्या वह्यांत गावाचं अर्धं पोट लिहिलेलं असे.

या वहीचं गोडवे गाणारं लेखन अलीकडे फार होतं. ते मला पटत नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारायचा हक्क नसे. पुडीत काय आलं, किती आलं, हे दुकानदार सांगेल ते खरं. पाकिटबंद मालावर किंमत छापण्याचे नियम १९७७ चे. त्याआधी साबणाच्या वडीचा भावसुद्धा माणूस बघून ठरू शकत होता.

मुंबईत यावर उपाय निघाला तो सहकाराचा. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरला ‘वारणा बाजार’ उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: गिऱ्हाइकाच्या हातात ठरावीक दिवशी पैसा येत होता. गिरणीचा पगार असो, उसाचं बिल असो की दुधाचं. आमच्या कोरडवाहू ज्वारी-तुरीला तारीख नव्हती. नांदेडला उस्मानशाही गिरणी होती खरी, पण एका गिरणीच्या पगारावर सगळ्या शहराचा बाजार फिरत नाही.

आता ज्या दुकानामुळे हा विषय निघाला, त्याच्याकडे येतो. राधाकिशन दमाणी हे मुंबईच्या शेअर बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार, मारवाडी घराण्यातले. १९९९ च्या सुमारास त्यांनी नवी मुंबईत नेरूळला चालवायला घेतलं ते अपना बाजारचंच दुकान. सहकाराच्या शाळेत हा विद्यार्थी शिकला, पण रमला नाही. २००२ मध्ये त्यांनी पवईला स्वतःचं दुकान काढलं: ‘डी-मार्ट’. पुढची काही वर्षं ते महाराष्ट्र-गुजरातच्या आसपासच हळूहळू वाढलं. जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची. माल देणाऱ्याला, बाजारात महिनोन्‌महिने थांबावं लागतं तिथे, थोड्या दिवसांत पैसे चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. गिऱ्हाइकाला उधार अर्थातच नाही. म्हणजे उधारी दोन्ही टोकांनी कापली. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा २९९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. आज दुकानं चारशेच्या पुढे आहेत, तरी बहुतांश मालकी दमाणी कुटुंबाच्या आणि त्यांच्या संस्थांच्याच हाती आहे.

नांदेड-लातूरला हे दुकान पोचलं, तोवर इथलं पंचांग बदललं होतं. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं. ‘लातूर पॅटर्न’मुळे शिकवण्या आल्या आणि खेड्यापाड्यांतली पोरं खोल्या करून राहू लागली. सुगीची वाट न बघता एक तारखेला खर्च करणारा वर्ग तयार झाला. सुपरमार्केटला असाच वर्ग लागतो.

याचा घाव किराणावाल्याला कुठे बसला, हे बाहेरून नीट दिसत नाही. गिऱ्हाईक कमी झालं एवढंच सांगितलं जातं. खरं म्हणजे रोखीचं गिऱ्हाईक गेलं आणि उधारीचं राहिलं. पूर्वी मास्तरांच्या रोख पैशावर तो शेतमजुराची वही ओढत होता. आता वही तेवढीच जाड आणि गल्ला हलका. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या दुष्काळात सुगीच नव्हती, तर बाकी कुठून फिटणार? तरी मजुराला तेल-मीठ मिळालं ते गल्लीतल्या दुकानातूनच. बिलाच्या यंत्रासमोर उभं राहून ‘तूर आल्यावर देतो’ असं म्हणता येत नाही.

नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळचे एक दुकानदार मला त्यांच्या वह्या दाखवत होते. फळीवर साखरेची आणि साबणाची नवी थप्पी होती. ठोक व्यापाऱ्याकडून आणली का, असं विचारलं, तर हसून म्हणाले, ‘नाही हो, सुपरमार्केटातून. ठोकपेक्षा स्वस्त पडते. एकाला ठरावीक नगच देतात, म्हणून घरातले चौघं जातो.’ रोखीने आणलेली ती साखर त्याच संध्याकाळी वहीवर जात होती.