धूम्रपान सोडताना जोडीदाराची साथ

धूम्रपान सोडण्याचा निर्णय एका व्यक्तीचा असला, तरी त्यानंतरचे पहिले काही आठवडे साऱ्या घराला सोसावे लागतात. या काळात पती किंवा पत्नीची वागणूक प्रयत्नाला बळ देऊ शकते, तशीच ती त्याच्या आड येऊ शकते. साथ देणे आणि पाळत ठेवणे यांतील भेद जोडीदाराने सुरुवातीलाच समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

२०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील दुसऱ्या फेरीनुसार देशातील १९ टक्के पुरुष आणि २ टक्के स्त्रिया धूम्रपान करत असल्याचे आढळून आले. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के व्यक्ती ते सोडण्याच्या विचारात होत्या. त्यामुळे आपल्याकडे साथ देण्याची ही जबाबदारी बहुतांशी पत्नीवर येते.

घरातील धुराचा धोका

या प्रयत्नात जोडीदाराचे स्वतःचे आरोग्यही गुंतलेले असते. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा १४ वर्षे पाठपुरावा केला. पती जितके अधिक धूम्रपान करणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका अधिक, असा निष्कर्ष त्यांनी १९८१ मध्ये मांडला. भारतातील वरील सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांना आपल्याच घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागत असल्याचे दिसून आले.

पहिले काही आठवडे

निकोटिन बंद झाल्यावर चिडचिड, अस्वस्थता, उदासपणा, झोपमोड, एकाग्रता न होणे आणि भूक वाढणे ही लक्षणे दिसतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा जोर सर्वाधिक असतो व साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ती ओसरतात. या दिवसांतील तुटक बोलणे हा स्वभावदोष नसून शरीराची प्रतिक्रिया आहे, हे ध्यानात घेतल्यास घरातील बरेच वाद टळतात.

धूम्रपानाची तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावून नेणे हीच खरी कसोटी असते. एक पेला पाणी पिणे, बडीशेप किंवा लवंग चघळणे, जोडीने फेरफटका मारणे असे साधे उपाय उपयोगी पडतात. घरातील राखदाणी, लायटर व उरलेली पाकिटे दोघांनी मिळून आधीच दूर करावीत. जेवणानंतरची वेळ किंवा सकाळचा चहा सिगारेटशी जोडलेला असल्यास तो क्रम काही दिवस बदलावा. बंगळुरूसारख्या शहरात कार्यालयाबाहेरील चहाचे दुकान किंवा बेकरी हे सिगारेट ओढण्याचे नेहमीचे ठिकाण असते. तेथे घरचा माणूस सोबत नसतो. मात्र ठरलेल्या वेळी केलेला दूरध्वनी आधार देऊ शकतो.

सोबत हवी, पहारा नको

शर्टाचा वास घेणे, खिसे तपासणे, पाहुण्यांसमोर टोमणे मारणे किंवा मुलांची शपथ घालणे यांनी सवय सुटत नाही. ती लपवली जाते. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोहेन व लिक्टेनस्टाइन यांच्या अभ्यासात, जोडीदाराकडून टोचून बोलण्याच्या तुलनेत प्रोत्साहन अधिक मिळाले तेथे धूम्रपान सोडण्यात यश अधिक दिसून आले. कोणती मदत हवी आणि कोणती नको, हे सोडणाऱ्या व्यक्तीलाच विचारणे हा सर्वांत सोपा मार्ग होय.

दोघेही धूम्रपान करत असल्यास ते एकत्र सोडणे हितावह ठरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका पाहणीत, जोडीदारानेही सिगारेट सोडली तेव्हा सुमारे निम्म्या व्यक्तींना ती सोडणे साधले. जोडीदाराचे धूम्रपान सुरू राहिले तेथे हे प्रमाण केवळ ८ टक्के होते.

उपचारांची जोड

जोडीदाराचा आधार हा उपचारांना पर्याय नव्हे. अशा आधाराचे प्रशिक्षण देणाऱ्या कार्यक्रमांमुळे दीर्घकालीन यश वाढत असल्याचे संशोधनाच्या आढाव्यांत सिद्ध झालेले नाही. निकोटिनयुक्त च्युइंगगम व डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. गरोदर स्त्रिया व हृदयरोगी यांनी ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी असल्याने तो पर्याय उपलब्ध नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू करण्यात आली. त्यांपैकी एक बंगळुरूतील होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजेच निमहान्समध्ये होते. या संस्थेच्या व्यसनोपचार केंद्रात समुपदेशन आणि औषधोपचार या दोन्ही सोयी आहेत. दिल्लीतील वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्विटलाइन सेवेला पुढे निमहान्स, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बरुआ कर्करोग संस्था यांची जोड मिळाली. १८००-११-२३५६ हा या सेवेचा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो.

पुन्हा घसरण झाल्यास

अनेकांना सवय कायमची सुटण्यापूर्वी एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावे लागतात. एखादी सिगारेट ओढली गेल्यास ‘हे तुला जमणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ती कोठे, कोणासोबत व कोणत्या मनःस्थितीत ओढली गेली याचा दोघांनी शांतपणे विचार करावा. पुढच्या प्रयत्नाची तयारी त्यातूनच होते. न ओढलेल्या सिगारेटचे पैसे बाजूला ठेवून पहिल्या महिन्याअखेरीस दोघांच्या आवडीची एखादी वस्तू घेतल्यास उमेद टिकते.

धूम्रपान सोडल्यानंतर साधारण वर्षभरात त्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. घरातील हवा मात्र पहिल्या दिवसापासूनच दोघांसाठी निर्मळ होऊ लागते.