थंड पाण्याच्या गावाची तहान

किबेराच्या कडेला मी एक पाणीवाला पाहिला. वीस लिटरच्या पिवळ्या कॅनांनी भरलेली हातगाडी तो चढावर ढकलत होता. ज्या शहराच्या मासाई नावाचा, 'एन्कारे नैरोबी'चा, अर्थच 'थंड पाणी', तिथे हा धंदा कसा? तेव्हापासून मी नैरोबीच्या इतिहासात शिरलो.

1899 च्या मे महिन्यात युगांडा रेल्वेचे रूळ मोंबासाहून सव्वापाचशे किलोमीटर अंतर कापून या पाणथळ माळावर पोहोचले. ते टाकणारे हात बहुतांशी पंजाबातून करारावर नेलेल्या मजुरांचे. पुढे रिफ्ट खोऱ्याचा अवघड उतार. त्याआधी सपाट जागा आणि इंजिनांना पाणी हवे, एवढाच रेल्वेचा हिशेब. माणसांच्या पाण्याचा विचार मागाहून आला. 1902 मध्ये प्लेगच्या भीतीने भारतीयांचा बाजारच जाळण्यात आला. नळाचे पाणी किकुयूच्या झऱ्यांवरून आले, ते आधी गोऱ्यांच्या बंगल्यांकडे वळले. आफ्रिकी मजुरांसाठी वसवलेल्या पुमवानीत नळ सार्वजनिकच राहिले.

शहर वाढत गेले तसे ते पाण्यासाठी दूर दूर गेले. रुइरू, मग 1956 मध्ये आबेरदारे डोंगरांतले सासुमुआ, 1994 मध्ये थिका नदीवरचे न्दाकाइनी. सात कोटी घनमीटर साठ्याचे हे धरण शहराहून उंचावर असल्याने पाणी बव्हंशी उतारानेच येते. सोय मोठी, पण शहराचे चार पंचमांशांहून अधिक पाणी या एकाच धरणावर विसंबून राहिले. 2003 च्या पावसात सासुमुआचा सांडवा खचला, तेव्हा धोका दुष्काळातच असतो असे नाही, हे कळले.

2019 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांवर गेली होती. दरम्यान सुमारे बारा किलोमीटर लांबीच्या नव्या बोगद्याला मुरांगाच्या लोकांनी विरोध केला: आमच्या नद्या आटतील, मग आम्हाला काय? मला हा प्रश्न रास्त वाटतो. धरणाच्या काठच्या गावाला तहान लागते, हे आपल्याकडे नवे नाही.

आणि किबेरा? तिथे नळजोडणी नसलेली घरे टाकीवाल्याकडून कॅन विकत घेतात. सरकारी नळापेक्षा लिटरमागे कितीतरी पट दाम मोजतात आणि टंचाईत तो आणखी चढतो. वाटेतल्या जलवाहिन्या फोडून ते पाणी विकणाऱ्या टोळ्याही आहेत. म्हणून 'जलसुरक्षा' हा शब्द तिथल्या बायकांच्या तोंडी शब्दशः येतो: पहाटेच्या अंधारात रांगेत एकटीने उभे राहायचे की उजाडेपर्यंत थांबून जास्त पैसे द्यायचे?