प्रश्न एवढाच: घडी कोणती?

आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं शेकडो-हजारो वेळा लागोपाठ येतात. हे टोक म्हणजे टेलोमिअर. पेशी विभागली की ते थोडं झिजतं. झीज भरून काढणारं एन्झाइम म्हणजे टेलोमरेज. कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ च्या नाताळच्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, तेही टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात.

आता त्या अक्षरांतले तीन 'जी' बघा. जी म्हणजे ग्वानिन. चार ग्वानिन मिळून एक चौकोन करतात, हे १९६२ मध्येच गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिस यांनी दाखवलं होतं. असे चौकोन एकावर एक बसले आणि मधे पोटॅशियम अडकलं की डीएनएची घट्ट घडी पडते. तिचं नाव जी-क्वाड्रुप्लेक्स.

१९९१ मध्ये झाहलर, चेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोकाची अशी घडी पडली तर टेलोमरेजला ते वाढवता येत नाही. पटण्यासारखंच होतं. टेलोमरेजकडे आरएनएचा साचा असतो, आणि त्याच्याशी जोडी जमवायला टोक मोकळं हवं ना! बहुतेक कर्करोगपेशी टेलोमरेजच्याच जोरावर विभागत राहतात. मग घडी पक्की करणारं औषध का शोधू नये? १९९७ पासून असे रेणू येऊ लागले.

पण घड्या एकाच प्रकारच्या नसतात. धागे उलटसुलट दिशांनी गेले तर एक घडी, सगळे एकाच दिशेने गेले तर दुसरी. ही दुसरी, म्हणजे समांतर घडी, टेलोमरेज वाढवू शकतं, असं ट्रेसी ब्रायन यांच्या सिडनीतल्या गटाला आणि सहकाऱ्यांना दिसलं: २००६ मध्ये एकपेशीय जीवांत, २०१५ मध्ये मानवी टेलोमरेजबाबत. २०२० मध्ये एकेका रेणूवर नजर ठेवून पुढचं कळलं. साचा आधी घडीला चिकटतो, अक्षरं जोडतो, आणि पुढच्या फेरीसाठी सरकताना घडी पूर्ण उलगडतो. रेणू घालून घडी पक्की केली, तरी दरवेळी अडत नाही!

म्हणजे १९९१ चा प्रयोग चुकला होता का? नाही. उलटसुलट धाग्यांची घडी टेलोमरेजला अडवतेच. चुकलं ते एका घडीचं उत्तर सगळ्या घड्यांना लावणं. तेव्हा 'टेलोमरेज रोखणारा नवा रेणू' अशी बातमी वाचलीत, तर आधी एवढंच विचारा: कोणत्या घडीवर तपासलाय?