गोंडाइट : एका दगडाचें पूर्वचरित्र



आमच्या सीवूड्सहून पूर्वेकडे दृष्टि टाकली म्हणजे पारसिकचे डोंगर दिसतात. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखींचा तप्त रस थिजून हा काळा कातळ झाला, आणि तो बव्हंशीं तसाच राहिला. परंतु भूगर्भांत जाऊन दुसरा जन्म घेतलेले दगडही आहेत. चिखलापासून झालेल्या दगडाची पाटी होते, चुनखडीचा संगमरवर होतो. यांस रूपांतरित खडक म्हणतात. हें नांव लायेल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानें १८३३ सालीं सुचविलें.

रूपांतर म्हणजे वितळणें नव्हे. दगड घनच राहतो. मात्र उष्णतेनें व दाबानें त्यांतील जुनीं खनिजें मोडून नवीं घडतात. दाब एका दिशेनें अधिक असला कीं अभ्रकासारखे पापुद्रे ओळीनें बसतात व दगड पदरांपदरांनीं सुटतो. म्हणून या खडकांचे प्रथम दोन वर्ग करतात : पाटीचा दगड हा पदरांचा, तर संगमरवर हा बिनपदरी. पुढें १८९३ सालीं बॅरो यानें स्कॉटलंडमध्यें दाखविलें कीं, अंगच्या खनिजांवरून दगडानें किती उष्णता सोसली हेंही ओळखतां येतें.

हीच दृष्टि आपल्या विदर्भांत फलद्रूप झाली. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगॅनीजच्या खाणींत गारगोटी व मँगॅनीजयुक्त गार्नेट यांचा एक विलक्षण खडक सांपडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील फर्मोर यांनीं ताडलें कीं, हा मूळचा पाण्याखालीं सांचलेला मँगॅनीजमिश्रित गाळ असून पुढें तो रूपांतर पावला. १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं, त्या मुलुखांत राहणाऱ्या गोंड लोकांवरून, त्यास ‘गोंडाइट’ म्हटलें.

हा केवळ नामकरणाचा सोहळा नव्हे. धातुक गाळाच्या थरांतील, तर त्या थराच्या घड्या जिकडे वळतात तिकडे तें सांपडावयाचें. पोलाद करणाऱ्या जगास हें कळणें अगत्याचें होतें. तात्पर्य, दगडाचें पूर्वचरित्र ठाऊक असेल तर कुदळ कोठें मारावी हें समजतें.

खडकांचे तीन प्रकार आपलीं मुलें घडाघडा म्हणतात. त्यांस एवढेंच विचारावें : हा दगड पूर्वीं कोण होता? जगभरच्या भूशास्त्रांत गोंडांचें नांव याच प्रश्नानें कोरलें गेलें. तें मराठी घरांत अनोळखी राहूं नये.