वाड्याचा मठ कसा झाला



शंभर वर्षांच्या या अंकात दिंडीच्या वाटचालीवर, विणेकऱ्यांवर, मुक्कामांवर इतर मंडळींनी लिहिलेलं आहे. माझ्याकडं मठाच्या वास्तूचा इतिहास आला. आजच्या पोरांना वाटतं, मठ पहिल्यापासून दिंडीचाच आहे. तसं नाही. शंभरातली निम्म्याहून जास्त वर्षं दिंडीला स्वतःचं घर नव्हतं. आज आपण जिथं एकादशीचं कीर्तन करतो तो एका घराण्याचा वाडा होता, आणि तो आपण विकत घेतला.

कोणी म्हणेल, दिंडी ही चालणाऱ्यांची, तिला घर कशाला? पण वारीचे दिवस सोडून बाकी वर्षभर वीणा कुठं ठेवायची? पखवाजाला ओल चालत नाही. पंगतीची भांडी, राहुट्या, पताका, हे सारं कोणाच्या तरी घरी ठेवलं की हळूहळू त्या घरची सत्ता दिंडीवर चालायला लागते. ही गोष्ट जुन्या माणसांनी भोगलेली होती.

दिंडी सुरू झाली तेव्हा आपला मुलूख निजामाचा. लोक त्याला मोगलाई म्हणत. पंढरपूर इंग्रजी हद्दीत, मधी करोडगिरीचं नाकं. अशा दिवसांत या वाड्याच्या मालकानं दिंडीला आसरा दिला. वीणा त्यांच्या देवघरात राहायची आणि प्रस्थानाचा पहिला अभंग त्यांच्या ओसरीवर व्हायचा. हा उपकार खरा आहे, तो विसरता येणार नाही.

आता वाडा कसा होता ते सांगतो. वाडा बत्तीस खणांचा. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण, जुनी माणसं घर खणात मोजत. खाली घडीव दगडाचं जोतं. वर सागवानी खांब, खांबावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचान, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचं माळवद. ही माती जुन्या गावठाणात निघते. म्हणून तर आपण शेताला काळी म्हणतो आणि गावाला पांढरी. माळवदाच्या घरात उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. उजेडाला आणि धुराला वर साणं. अंगणात आड, आडाजवळ तुळशीवृंदावन. समोर मोठा दरवाजा, आणि त्या दरवाजाच्या फळीत कापलेला लहान दरवाजा. त्या लहान दरवाजालाही दिंडीच म्हणतात. मोठा दरवाजा लग्नाला नाहीतर पालखीला उघडायचा. रोजची ये-जा दिंडीतून, आणि दिंडीतून जाताना लहान-थोर सगळ्यांना मान वाकवावी लागे.

पण त्या दिंडीतून सगळ्यांना जाता येत नव्हतं, हेही याच इतिहासात लिहिलं पाहिजे. काही जातींची माणसं जोत्यावर बसत, काही अंगणात, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतले वारकरी दरवाजाबाहेर. गळ्यात माळ तीच, मुखात नाम तेच, वाटही पंढरीचीच. पण पंगत निराळी, आणि आडाचं पाणी वरून ओतलेलं. तेव्हा सगळीकडंच तसं होतं असं म्हणून सोडून देता येतं. पण आपल्या संप्रदायानं तसं म्हणू नये. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्या ढिगाऱ्याखाली गेले. भिंत ज्यांच्यासाठी चालली होती ते आत राहणार होते, आणि बांधणारा बाहेरचा. त्यांची समाधी पंढरीत महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. आपण तिथं माथा टेकतो आणि गावात येऊन दरवाजा लावतो, हे कसं चालावं?

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांना बसायला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. एका मठाचं छप्पर काय करू शकतं ते यातून दिसतं. देऊळ खुलं झालं, पण आपल्या वाड्याची दिंडी तेवढी लवकर उघडली नाही. 1956 साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि पुढं आपल्या गावच्या त्या वस्तीनंही धम्म स्वीकारला. त्यांनी माळा उतरवून ठेवल्या, वारी सोडली. ते गेले म्हणून हळहळणारे गावात पुष्कळ होते. त्यांना जोत्यावर कधी बसवलं होतं का, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

मधल्या काळात वाड्याचे दिवस फिरले. सप्टेंबर 1948 मध्ये मोगलाई संपली, 1950 चा हैदराबाद कुळकायदा आला, जमिनी कुळांकडं गेल्या. मालकाची मुलं शिकून पुण्याला, हैदराबादेला गेली. म्हातारी माणसं होती तोवर दिवा लागत होता. मग वाड्याला कुलूप लागलं आणि वीणा एका घरून दुसऱ्या घरी फिरू लागली.

माळवदाला राबतं माणूस लागतं. दरसाल पावसाळ्याआधी मातीचा नवा थर द्यावा लागतो. त्यात एक खोट आहे. जुना थर कोणी काढत नाही, नुसता नवा चढवतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांत छपरावर दीड-दोन फूट माती होते. खालच्या भिंती गोट्याच्या आणि मातीच्या, आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हीला बांधणारा आरपार दगड नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच त्या मातीखाली गेली. आपल्या गावात जीवितहानी झाली नाही ही पांडुरंगाची कृपा. पण वाड्याची मागची बाजू बसली, आणि त्यानंतर गावात माळवदाखाली झोपायची लोकांनी धास्ती घेतली.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी वाडा विकायला निघाला. पहिलं गिऱ्हाईक आलं ते लाकडाचं. जुने वाडे उतरवून सागवान, दरवाजे, कोरीव खांब शहरात विकणारे व्यापारी असतात. त्यांना जागेशी देणंघेणं नसतं. आपल्या मंडळींनी बैठक घेतली. व्यापाऱ्याइतका पैसा आपल्याजवळ नव्हता. कोणी सोयाबीनचं एक पोतं, कोणी दोन पोती, बायकांनी बचत गटातून, असं करत निम्मी रक्कम जमली. बाकीची दोन सुगींत देऊ असा शब्द दिला, आणि भावांनी तो मानला.

इथं कागदाची अडचण आली. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या नमुन्याला नाव असतं, पण तो कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर दोघा भावांची नावं. बहिणीचं नाव कुठंच नाही. भाऊ म्हणाले, तिचं लग्न होऊन जमाना झाला, तिची सही कशाला? पण वकिलांनी सांगितलं, 1956 च्या वारसा कायद्यापासून बापाच्या मिळकतीत लेकीला वाटा आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनं तिला मुलाबरोबरीनं हक्क मिळाला. तिच्या सहीशिवाय खरेदीखत केलं तर उद्या भांडण मठाच्या दारात येईल. म्हणून आम्ही तिघं-चौघं त्या आक्कांकडं गेलो. वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "महाराज, सही करते. माझा हिस्सा मी पुरा घेणार, त्यातला रुपया सोडणार नाही. पण एक सांगते. आमच्या दाराबाहेर पंगत बसायची ती मी लहानपणी माडीवरून बघितलीय. घर तुमचं झाल्यावर ती जागा ठेवू नका."

त्यांनी हिस्सा पुरा घेतला आणि सही केली. हक्क मागणाऱ्या लेकीला गावात नावं ठेवतात. पण त्या सहीमुळंच आज मठाच्या मालकीवर कोणाचं बोट नाही.

दुसरा प्रश्न, खरेदी कोणाच्या नावावर? विणेकरी बुवांच्या नावावर करा असं पुष्कळांचं म्हणणं होतं. बुवा स्वतःच नको म्हणाले. "म्या हाय तवर ठीक हाय. माझी पोरं कशी निघतील हे मला ठावं न्हाई." देवाचं घर माणसाच्या नावावर केलं आणि पुढं वारसांनी कुलूप लावलं, अशी उदाहरणं आपण सगळ्यांनी बघितलीत. म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात दिंडीची नोंदणी केली आणि मगच खरेदीखत झालं. आता मठ विकायचा म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. एकट्या-दुकट्याच्या मनावर ते राहिलेलं नाही.

मग बांधकामाचा वाद. तरुण मंडळी म्हणाली, सगळं पाडा, सिमेंटचा स्लॅब टाकून हॉल बांधा, लग्नाला भाड्यानं जाईल. जुनी म्हणाली, एक दगड हलवू नका. एका वयस्क गवंड्यानं वाडा दोन दिवस फिरून बघितला आणि सांगितलं, "महाराज, भिंती फुटल्यात, पण लाकूड उभं हाय. वरचं वझं उतरा, घर वाचंल." ते खरं होतं. भूकंपातसुद्धा पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, आणि त्याखालची माणसं वाचली.

तेव्हा मधला मार्ग काढला. पुढचे सोळा खण ठेवले. माळवदावरची जुनी माती ट्रॉल्या भरभरून उतरवली आणि पाणी न मुरणारा कागद अंथरून वर पातळ थर दिला. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरप्या टेकण्या मारल्या. भिंती थोड्या थोड्या उकलून, मधी आरपार लांब दगड घालून पुन्हा रचल्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला नाही, कारण आतली ओल आतच कोंडते. चुन्याचा केला. मागची पडकी बाजू काढून तिथं पक्कं स्वयंपाकघर, आणि बायामाणसांसाठी संडास-न्हाणीघर बांधलं. एका माऊलीनं मिटिंगमधी उभं राहून सांगितलं होतं, "कळस मागनं बांधा, आधी आमची सोय करा." तेच बरोबर होतं.

आणि आक्कांच्या शब्दाचं काय केलं? दरवाजाबाहेरच्या त्या जागेची फरशी उचलली, तिथं कडुनिंब लावला. पंगत आता अंगणात, एकाच पातळीवर, एकाच रांगेत बसते. वाढणारा ओसरीवरून खाली वाढत नाही. आडाच्या बाजूची भिंत काढून आड गल्लीकडून मोकळा केला. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात गाळ काढलेला हा आड थोडा थोडा पाझरत होता. रांगेत सगळं गाव होतं, बौद्धवाड्यातल्या बायाही होत्या. त्यांनी वारी धरलेली नाही, आणि धरावी असं आमचं म्हणणंही नाही. त्यांची वाट त्यांनी निवडलेली आहे. पण आडाचं पाणी त्यांना आता कोणी वरून ओतत नाही, ज्याचा पोहरा तो ओढतो.

2020 साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाण मोजून घराच्या मिळकत पत्रिका देण्याचं काम तिच्यातून चालतं. ज्या दिंड्यांची घरं आजही कोणा एकाच्या नावावर आहेत त्यांनी ही संधी सोडू नये. आधी सगळे वारस, लेकीबाळींसह, एका जागी बसवावे. मग संस्थेची नोंदणी, मग खरेदी, आणि बांधकाम सगळ्यात शेवटी.

मोठा दरवाजा आपण तसाच ठेवला आहे, आणि त्यातली लहान दिंडीही. तिची चौकट वाढवा, डोक्याला लागते, अशी तक्रार दरवर्षी येते. ती वाढवू नये, असं पुढच्या विश्वस्तांना माझं सांगणं आहे. आत येताना प्रत्येकानं वाकावं. फक्त तिला आतून कडी नसावी, आणि आज ती नाही.

राम कृष्ण हरी.